सिमिटाआडची भिंत

म्हाळू मिस्त्री म्हटलं की निमोण्यापासून न्हावऱ्यापर्यंत लोक आधी विचारायचे, "सिमीटवाला का?" म्हाळूला ते ऐकायला गोड लागायचं, आणि का लागू नये? त्याच्या बापानं, आज्यानं गावातल्या भिंतींना दगडमाती वाहिली, पण भिंतीला थापी लावायची वेळ आली की त्यांना बाजूला व्हायला सांगत. त्या घरातल्या पोराच्या हातात थापी आली होती. दौंडला रेल्वेच्या क्वार्टरांचं काम निघालं तेव्हा दाजींनी त्याला ठेकेदाराकडं बिगारी म्हणून लावून दिलं. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक, चांगदेव, रेल्वेत खलाशी. म्हाळू घमेली उचलता उचलता गवंड्याच्या हाताकडं बघत राहिला, आणि एक दिवस गवंडी आला नाही तेव्हा कुणाला न विचारता थापी उचलून मोकळा झाला. शिव्या पोटभर खाल्ल्या, पण भिंत ओळंब्यात सरळ आली. तिथून पुढं तो मिस्त्री.

आता ह्या माणसाच्या हातून काय झालं ते सांगतो, आणि आधीच बजावतो, त्याला कुणी अडाणी म्हणायचं काम नाही. त्यानं जे केलं ते बहिणीच्या मायेपोटी केलं. बहिणीचं नाव ताईबाई. आई गेली तेव्हा म्हाळू रांगत होता. ताईबाईनं त्याला कडेवर वाढवला आणि लग्न होऊन सासरी आली ती त्याला कडेवर घेऊनच. आंदणात भाऊ घेऊन आली म्हणून बाया हसायच्या. ती म्हणायची, "हसा की. भांडी काय, फुटत्यात."

तिचं घर घोड नदीकाठी, इनामगावच्या अलीकडच्या वस्तीत. जुनं घर, पांढऱ्या मातीच्या हात-दीड हात जाड भिंती, वर पत्रा. उन्हाळ्यात आत माठासारखं गार. पण पश्चिमेची भिंत पावसाच्या तोंडावर. झड लागली की वारा पाणी घेऊन सरळ त्या भिंतीवर यायचा, खालून जमिनीतली ओल वर चढायची, वळचणीतून वरचं पाणी उतरायचं. आणि ताईबाईला दमा. ओल चढली की तिची छाती भरायची. मग पाठीला धान्याची पोती लावून बसल्या बसल्याच डोळा लावायचा, आडवं व्हायची सोय नाही. दाजी दौंडला बराकीत चार जणांत राहायचे, तिथं बाईमाणसाला कुठं नेणार? आणि नदीकाठच्या वतनाच्या तुकड्यात तीच तर राबत होती.

वस्तीत सगळ्यांची रीत एकच होती. मृगाच्या आधी तुराट्या आणि बाजरीचं सरमाड बांधून त्याचा कुड करायचा आणि पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून उभा करायचा. भिंतीवर धार बसत नाही. तरी ती थोडं पाणी प्यायचीच. दसरा झाला की कुड काढायचा, भिंत उन्हाला मोकळी करायची. प्यालेलं पाणी ती दिवाळीपर्यंत देऊन टाकायची. मग पांढऱ्या मातीचा आणि शेणाचा हात फिरवायचा, की वर्षाची बेगमी झाली. पण दम लागणाऱ्या बाईनं दर साली हे करायचं म्हणजे खेळ नव्हे. कुड बांधताना ताईबाई चार वेळा खाली बसायची.

ते बघून म्हाळूचा जीव तुटायचा. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात तो म्हणाला, "आक्का, आता कुड न्हाई आन् सारवण न्हाई. रेल्वेच्या सायबांच्या बंगल्याला करतो तसं सिमीट करतो बाहेरनं. पाण्याचा थेंब आत आला तर नाव बदलीन."

दाजींनी खटपट करून परमिटावर सिमीट मिळवलं. त्या काळात सिमीट म्हणजे केशराच्या भावाची गोष्ट, पुढाऱ्यांच्या दारात उभं राहिल्याशिवाय पोतं सुटायचं नाही. मातीच्या भिंतीला सिमीट धरत नाही हे म्हाळूला ठाऊक होतं. त्यावर त्याचा तोडगा म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी. ती लांब खिळ्यांनी भिंतीत ठोकली आणि वरून गिलावा चढवला, थेट जमिनीपासून वळचणीपर्यंत. मधे बोट घालायला फट ठेवली नाही. वर गिलावा घोटायचा रंधा असा फिरवला की हात घसरावा. ताईबाई पाण्याची घागर घेऊन रोज भिंतीवर पाणी मारायची, लेकराला न्हाऊ घालावं तशी. वस्ती बघायला आली. शेजारची विठाबाई भिंतीला हात लावून म्हणाली, "बया, टेसनावानी झालं की गं."

आणि मग पाऊसच आला नाही.

त्या साली जेमतेम, पुढच्या साली तर कोरडं ठाक. बहात्तरचा दुष्काळ. घोड नदीत वाळू तेवढी राहिली. माणसं सुकडी खाऊन रस्त्याची खडी फोडत होती, सरमाड तर गुरांच्या तोंडालाच नव्हतं, कुडाला कुठलं? अशा कोरड्या दोन वर्षांत ताईबाईचा दमा पळाला. पळणारच. हवेतच ओल नव्हती, भिंतीत कुठून यावी? पण ते कुणाच्या ध्यानात येणार? भिंतीला सिमीट झालं आणि ताईबाई खडी फोडायला उभी राहिली, एवढं सगळ्यांना दिसलं. ताईबाई ज्याला त्याला सांगत सुटली, "माज्या भावानं मला छाती दिली." म्हाळूला तर आभाळ ठेंगणं झालं.

मग लोक बोलवायला लागले. निमोण्याच्या गेणबा धनगराचं घर झालं. ह्या म्हाताऱ्याचा निम्मा जन्म मेंढरांमागं पालात गेलेला, अलीकडं चार भिंतींत आलेला. तो म्हणायचा, "पालात वाराच वारा, हितं वलच वल. काय तरी कर रं बाबा." त्याची भिंत झाली. मग मोठ्या घरांचं बोलावणं आलं. म्हाळूच्या बापाच्या गावच्या सर्जेराव पाटलांनी आपल्या घराची पश्चिमेची बाजू म्हाळूकडून करून घेतली, आणि काम चालू असताना बसायला खुर्ची दिली. खुर्ची. ज्या दारात त्याचा बाप उंबऱ्याच्या खाली पायताण हातात घेऊन उभा राहायचा. ती गोष्ट ताईबाईला कळली तेव्हा ती चुलीपाशी बसून रडली, आणि दिवसभर वस्तीत कुणाच्याही दारात बसून पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली.

त्र्याहत्तर साली मात्र पावसानं मागचं पुढचं सगळं भरून काढलं. लोक आनंदानं वेडे झाले. म्हाळूही झाला. त्याच्या भिंतींची आता खरी परीक्षा होती. श्रावणात झड लागली तेव्हा तो न्हावऱ्याच्या एसटीनं उतरून, चिखल तुडवत बहिणीकडं गेला. बाहेरून भिंत बघितली. पाणी वरून असं ओघळत होतं की जसं काही दगडावरून. कुठं तडा नाही, पोपडा नाही. तो खूश होऊन आत आला.

आत पश्चिमेच्या भिंतीला वाकळा टांगलेल्या होत्या, वरपासून खालपर्यंत. ताईबाई त्यांना टेकूनच बसली होती. घरात लिंबाच्या पाल्याचा धूर होता.

"वाकळा का गं टांगल्या?"

"वाळत न्हाईत बाहीर. हितं घरात वाळत्यात."

"आन् ठसका कशाचा?"

"धुराचा. डास झाल्यात म्हून पाला घातलाय." तिनं त्याला पुढं बोलूच दिलं नाही. "पाटलाकडं पुन्यांदा गेलतास का? काय म्हणाला?"

म्हाळू सांगत बसला. बहिणीच्या तोंडाकडं न बघता स्वतःचंच कौतुक सांगत बसला. पुढं हे त्याला आठवायचं तेव्हा तो स्वतःच्या तोंडात मारून घ्यायचा. त्या दिवशी ताईबाई वस्तीच्या बुद्धविहारात वंदनेला गेली नव्हती. वर्षावासाच्या तीन महिन्यांत तिचा एक दिवस चुकायचा नाही. तो म्हणाला, "विहारात जायचं न्हाई का?" ती म्हणाली, "चिखूल लई हाय." आणि ह्या शहाण्याला ते पटलं.

भाद्रपद सरला, पाऊस ओसरला, कडक ऊन पडलं. म्हाळू निमोण्यात एका घराचं काम करत होता. जाळी ठोकून झाली होती. तेवढ्यात गेणबा आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. भांडायला आला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "म्हाळू, जरा येतूस? तुजं सिमीट उभं हाय. भितच ग्येली."

म्हाळूला आधी उमगलंच नाही. जाऊन बघतो तर खरंच तसं. आतल्या बाजूनं भिंत ढासळून घरात पसरली होती, चिखलाचा ढीग, आणि बाहेरचा गिलावा जाळीसकट उभा. त्याला गेलेल्या तड्यांतून पलीकडचा उजेड दिसत होता. गेणबाची म्हातारी परड्यात होती म्हणून वाचली. म्हाळूनं ढिगात हात घातला. माती मळलेल्या कणकेसारखी बोटांमधून निघाली. इतकं ऊन पडून आठवडा झाला, गावातली सगळ्यांची घरं सुकली, आणि ही माती अजून गच्च. खालून चढलेलं पाणी, वरून उतरलेलं पाणी, सगळं भिंतीनं प्यालं होतं, आणि ते उन्हाला परत द्यायची वाट त्यानं स्वतःच्या हातानं लिंपून टाकली होती. बोट घालायला फट ठेवली नव्हती ना.

गेणबा म्हणाला, "मेंढराला वल्या अंगानं कातडं पांघरलं तर आत किडं पडत्यात. तसं झालं आसंल."

म्हाळूनं ऐकलं का नाही कोण जाणे. त्याच्या डोळ्यांसमोर वाकळा आल्या. तो तसाच निघाला, थापी तिथंच टाकून. रानातून, बांधावरून, कणसं खुडलेल्या बाजरीतून पळत सुटला. पायात काटे भरले. दम खायला थांबला की त्याला वाटायचं, आपल्याला एवढा दम लागतोय तर तिला कसा लागत असेल, आणि पुन्हा पळायचा.

ताईबाई वाकळांना पाठ लावून बसली होती. ओठ काळेनिळे, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. त्याला बघताच ती हसायला गेली आणि खोकत राहिली. म्हाळूनं वाकळेला हात घातला. तिनं त्याचं मनगट धरलं.

"राहू दी, म्हाळ्या."

"सोड."

"राहू दी म्हणते ना."

त्यानं वाकळ ओढली. भिंत काळी पडली होती, पोट सुटल्यासारखी घरात फुगली होती, तिच्यावर मिठासारखा पांढरा लोणा फुलला होता आणि मातीचा कुबट वास आला. वाकळांची मागची बाजू बुरशीनं भरली होती. त्याच वाकळांना टेकून ही बाई पावसाळाभर बसली होती. शेजारची विठाबाई दारात येऊन उभी राहिली होती. तिला आता राहवलं नाही. "रोज सकाळच्या पारी पडल्याली माती पदरात भरून नदीला टाकती. मला शपथ घातली व्हती, तुला सांगायचं न्हाई म्हून. किती येळा म्हणलं, भावाला बोलीव, सिमीट फोड. ऐकती का?"

म्हाळू बहिणीसमोर खाली बसला. "का गं आक्का? का?"

तिनं श्वास गोळा केला. मग तुटक तुटक बोलली. "पाटलाच्या दारात... खुर्ची देत्यात तुला. मिस्त्री म्हणत्यात. माज्या घराची भित गेली, असं लोकांला कळलं तर... पुन्यांदा घमेली उचलाय लावत्याल. ह्या मातीच्या भितीपायी का?"

त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हंबरडा फोडला. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, आणि तेवढ्यानंही तिला धाप लागत होती.

त्यानं तिला उचलून विठाबाईच्या घरात नेऊन ठेवलं. उचलताना त्याला कळलं की तिच्यात काही उरलेलंच नाही, पाचोळा नुसता. दाजींना निरोप गेला, दाजी गाडी करून आले आणि तिला दौंडला दवाखान्यात घेऊन गेले. जाताना ती म्हाळूला म्हणाली, "घराकडं बघ." डॉक्टर दाजींना म्हणाले की औषध चालू आहे, पण ह्या बाईला पुन्हा ओल्या घरात पाठवलीत तर मी जबाबदार नाही. दाजींनी कुणाकरवी तो निरोप म्हाळूला धाडला. झालं. म्हाळूनं एवढंच धरलं. भिंत सुकली की आक्का घरी येणार. भिंत सुकली नाही तर येणार नाही.

मग त्यानं जिवाचं रान केलं. पहारीनं गिलावा फोडायला घेतला. स्वतःच चढवलेलं सिमीट, ते असं पक्कं की पहारीला ठिणगी उडावी. जाळी उचकटताना बोटं फाटली. घाई करावी तर जाळीबरोबर मातीचे लगदे सुटून यायचे आणि अख्खी भिंत बसायची भीती. सावकाश करावं तर तिकडं बहीण श्वास मोजतेय. आतून त्यानं फुगलेल्या भिंतीला बाभळीच्या मेढींचे टेकू लावले आणि बाहेरून वीत वीत करून गिलावा सोलत गेला. वर पत्र्याखालची वळचण लांबवली. भिंतीच्या बुडाशी चर खणून पाणी लांब काढलं. घरात मधोमध शेकोटी पेटती ठेवली, दारं उघडी. दिवसातून कितीदा तरी भिंतीला तळहात लावून बघायचा. गार लागली की पुन्हा लाकडं.

त्यात परतीचा पाऊस आला. आता बोला. भिंत उघडी, नागडी, आणि पश्चिमेकडून काळं आभाळ चढत आलेलं. कुडाला सरमाड पाहिजे. दुष्काळातून गुरं वाचवलेल्या माणसांकडं त्या साली पहिल्यांदा वैरण आलेली, जिवापलीकडं जपलेली. म्हाळू कुणाच्या दारात कसा जाणार? विठाबाई आपल्या गंजीपाशी गेली आणि पेंढ्या ओढायला लागली. म्हणाली, "बघत काय ऱ्हायलास? बांध." दोघांनी मिळून तुराट्यांवर सरमाड बांधून कुड उभा केला, वाऱ्यात हातातून सुटणारा, ओलाचिंब. पाऊस कुडावर बडवत राहिला आणि म्हाळू आतून भिंतीला पाठ लावून उभा राहिला. जसं काही त्याच्या पाठीनं भिंत थांबणार होती. तो भिंतीशी बोलत होता म्हणे. "थांब. तेवढी येऊ दी तिला. मग पड."

भिंत थांबली. खरंच थांबली. पाऊस उघडला, ऊन आलं, कुड काढला. पांढरी माती आधी कडांनी उजळायला लागली, मग मधे. काळा डाग रोज आकसत गेला. म्हाळूनं लोणा खरवडून काढला, नवी माती भिजवून मुरवली, शेण मिसळून आतबाहेर हात दिला. जे काम बहीण धापा टाकत करायची ते काम. नीट तिच्यासारखं, बोटांच्या अर्धगोल रेघा उमटवत. दसरा आला नि गेला. एका सकाळी त्यानं तळहात ठेवला आणि भिंत गार लागली नाही. गाल ठेवला. कोरडी. तो हसला आणि तिथंच बसून राहिला.

दाजी आले ते त्याच दिवशी, उन्हं कलताना. म्हाळू त्यांच्याकडं धावला. "दाजी, भित सुकली. हात लावून बघा. कवा आणताय आक्काला?"

चांगदेव आत आले. भिंतीला हात लावला आणि तो तसाच ठेवून उभे राहिले. अंगात रेल्वेचा खाकी डगला होता, त्याची वरची बटणं उघडीच होती.

"व्हय," ते म्हणाले. "कोरडी हाय."

मग त्यांनी भिंतीला कपाळ टेकलं, आणि म्हाळूला कळलं.

सकाळी गेली होती. शेवटपर्यंत शुद्धीवर होती. चांगदेव जमिनीवर बसून सांगत होते, आवाज नसल्यासारखे. "तुज्यासाठी निरोप ठिवलाय. म्हणली, भित वाळली आसंल तर म्हाळ्याला म्हणावं, बाहीरनं पुन्यांदा सिमीट करून घी. उघडी भित लोकांला दिसली तर त्याच्या कामाला नावं ठिवत्याल. मी कशानं आजारी पडली ते कुणाला सांगू नगा म्हणली."

म्हाळू रडला नाही. दौंडला जाऊन बहिणीला खांदा दिला, तेव्हाही नाही. माती देऊन परतला आणि वस्तीत न थांबता सर्जेराव पाटलांच्या दारात जाऊन उभा राहिला. पाटील ओसरीवर चार माणसांत बसले होते. ते म्हणाले, "ये मिस्त्री. बहिणीचं ऐकलं, वाईट झालं."

"पाटील, माजी बहीण सिमिटानं गेली. मी लावल्याल्या. गेणबाची भित पडली ती बी त्याच्यानंच. तुमच्या भितीवरचं सिमीट फोडून टाका. मी फोडून देतो."

ओसरीवरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कुणी म्हणालं, दुःखानं डोकं फिरलंय. कुणी हलक्या आवाजात म्हणालं, ह्याच्या हातात थापी दिली तिथंच चुकलं. ते म्हाळूच्या कानांवर नीट पडलं. पाटलांचा चेहरा उतरला. त्यांनी आत जाऊन भिंत बघितली नाही, म्हाळूला बस म्हणाले नाहीत, उद्या बघू म्हणाले.

म्हाळू पुढच्या घरी गेला. मग त्याच्या पुढच्या. जिथं जिथं जाळी ठोकली होती त्या प्रत्येक दारात उभा राहून तो तेच वाक्य बोलला, शिव्या खाल्ल्या, थट्टा ऐकली, दोन ठिकाणी तर लोकांनी पहार हिसकावून घेतली. त्यानंतर त्या भागात त्याला मिस्त्री म्हणून कुणी बोलावलं नाही. दौंडला जाऊन तो पुन्हा बिगारी झाला. आक्कानं सांगितलेलं त्यानं जन्मभर कधी मोडलं नव्हतं. एवढं एक मात्र त्यानं ऐकलं नाही.